विणणाऱ्याचे नाव लेबलवर का नाही?



लग्नाची तारीख निघाली की आपल्याकडे पहिली धावपळ बस्त्याची. नगरच्या कापड बाजारात पाथर्डी-आष्टीपासून पारनेर-श्रीगोंद्यापर्यंतची माणसे बस्ता बांधायला येतात, आणि आपल्या केडगावची घरेही त्यांतच असतात. गेल्या काही वर्षांत या बस्त्याचे रूप पालटले आहे. नवरीला डिझायनर घागरा हवा, नवरदेवाला भरजरी शेरवानी हवी, करवलीला आरी वर्कचा ब्लाउज हवा. मुंबईच्या बड्या दालनात आज जे टांगले जाते त्याची नक्कल थोड्याच दिवसांत आपल्या बाजारात उतरते, आणि ती घेण्यासाठी माणसे उसनवारी करतात. उंची भारतीय फॅशनचा धंदा आता आपल्या घरखर्चापर्यंत येऊन पोहोचला आहे. मग त्याच्याविषयी बोलण्याचा हक्क आपल्याला नाही का? हा धंदा वाढतो आहे याचे मला वाईट वाटत नाही. पण तो ज्या हातांवर उभा आहे, त्या हातांना ना नाव मिळते ना पुरेसा वाटा. हे थांबले पाहिजे. का आणि कसे, ते मुद्द्यांनी मांडतो.

मुद्दा १. आधी ही वाढ किती मोठी आहे ते पाहू. पर्पल स्टाइल लॅब्ज ही मुंबईची कंपनी २०१५ मध्ये सुरू झाली. २०१८ मध्ये तिने 'पर्नियाज पॉप-अप शॉप' हे भारतीय डिझायनरांचे महागडे कपडे विकणारे दुकान विकत घेतले, आणि तिथून तिचा पसारा वाढत गेला. फोर्टातल्या इस्माईल बिल्डिंगमध्ये पूर्वी झारा या परदेशी कंपनीचे दुकान होते. ती सुमारे ६० हजार चौरस फुटांची जागा आता या कंपनीने पाच वर्षांच्या करारावर घेतली असून भाड्याचा आकडा २०० कोटींच्या वर जातो. २०२५ मध्ये कंपनीने ६६० कोटी रुपयांची भागविक्री करण्यासाठी सेबीकडे अर्ज केला. ही एकटीच नाही. जानेवारी २०२१ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या फॅशन कंपनीने सब्यसाची या डिझायनर कंपनीचा ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटींना घेतला. त्याच वर्षी रिलायन्सने रितू कुमार यांच्या कंपनीत निम्म्याहून अधिक आणि मनीष मल्होत्रा यांच्या कंपनीत ४० टक्के हिस्सा घेतला. 'मान्यवर' विकणारी वेदान्त फॅशन्स फेब्रुवारी २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. शेअर बाजारात पैसा कुणाचा असतो? महिन्याला हजार-दोन हजारांची एसआयपी भरणाऱ्या आपल्या मुलामुलींचाही असतो. लोकांच्या खिशातून भांडवल मागणाऱ्या धंद्याने लोकांच्या प्रश्नांना उत्तरेही दिली पाहिजेत.

मुद्दा २. या दालनांत विकले काय जाते? हात. दुसरे काहीही नाही. यंत्रावर निघालेले कापड जगभर ढिगाने मिळते आणि त्याच्यासाठी कुणी लाख रुपये मोजत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजते ते माणसाने बसून विणलेल्या, टोचलेल्या, भरलेल्या कामासाठी. नगर-मनमाड रस्त्याने कोपरगाव ओलांडले की येवला लागते. तिथे पैठणीचा माग एकदा नीट पाहावा. पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर ती बोटांनी ताण्याच्या ठराविक धाग्यांतून काढतो, शेजारच्या रंगात अडकवतो, परत फिरवतो. म्हणून खऱ्या पैठणीची नक्षी उलट बाजूनेही सुलट दिसते आणि मागे लोंबते धागे राहत नाहीत. साधा काठ-पदर असेल तर काही आठवडे, भरगच्च पदर असेल तर कित्येक महिने. रेशीम बंगळुरूकडून, जर सुरतेहून. ही साखळी लांब आहे, आणि तिच्या टोकाला पाठ वाकवून बसलेला माणूस सर्वांत शेवटी पैसे पाहतो. २०१९-२० मध्ये झालेल्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर विणकर आणि विणकामाला जोडलेले कामगार मोजले गेले. त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. आणि विणकर कुटुंबांपैकी जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांची कमाई महिन्याला पाच हजार रुपयांच्या आत होती. एका माणसाची नव्हे, सगळ्या घराची! ज्या कारागिरीचे कौतुक करून कोट्यवधींचे सौदे होतात, ती करणारे घर महिन्याला पाच हजारांत कसे चालते, हे त्या सौद्याच्या कागदांवर कुठे लिहिलेले असते का? धंद्याची वाढ मोजताना हा आकडा जो लपवतो, तो अर्धाच हिशोब सांगतो.

मुद्दा ३. कुणी म्हणेल, केडगावला याच्याशी काय देणेघेणे? आपल्याकडे कुठे माग आहेत? नाहीत, आणि तेच सांगायचे आहे. नगर हे विणकरांचे शहर होते. निजामशाहीत शहर वसल्यावर लवकरच भांगरिया या सधन विणकर घराण्यातल्या माणसाने इथे विणकाम आणले, अशी ब्रिटिशकालीन गॅझेटिअरात नोंद आहे. शहरात आणि भिंगारात लुगडी विणली जात आणि ती बाहेरच्या मुलखात विकायला जात. तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज याच कामावर इथे स्थिरावला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी सुधारित हातमाग तयार केला, तोही याच नगरात. म्हणजे केवळ विणकाम नव्हे, मागाची सुधारणासुद्धा इथे होत होती. पुढे काय झाले? गिरणीचे कापड आले, मग यंत्रमाग आले, आणि नगरचे खटखटणारे माग एकेक करून थांबले. पद्मशाली घरांतल्या कितीतरी बायकांच्या मांडीवर मागाच्या जागी विड्यांचे सूप आले. तंबाखूच्या धुरळ्यात त्यांची आयुष्ये गेली. त्या काळात 'हे कापड कुणी विणले' असे विचारणारे गिऱ्हाईक असते, विणकराला भांडवल देणारी संस्था टिकली असती, तर चित्र वेगळे राहिले असते. आज येवल्यात, पैठणात, नागपूरच्या करवतकाठी विणणाऱ्या घरांत पुढच्या पिढीने मागावर बसायचे की कंपनीत हेल्पर म्हणून लागायचे, याचा निर्णय होतो आहे. कला नशिबाने मरत नाही. तिच्या कामाचे पैसे देणाऱ्यांनी पाठ फिरवली की मरते.

मुद्दा ४. आता नावाविषयी. एखाद्या कपड्यावर डिझायनरचे नाव असते, कंपनीचे असते, दुकानाचे असते. धुवायचा कसा, इस्त्री किती गरम, हेही असते. विणला कुणी, भरतकाम कुठल्या गावात झाले, हातमागाचे की यंत्रमागाचे, हे क्वचितच असते. का? जागा नाही म्हणून? ऑगस्ट २०२१ मध्ये सब्यसाची आणि एच अँड एम या परदेशी कंपनीने मिळून कपडे बाजारात आणले. त्यांवर राजस्थानातल्या सांगानेरी ठशांच्या धर्तीची नक्षी होती, पण छपाई ठसे मारणाऱ्या कारागिरांनी केलेली नव्हती. देशभरच्या हस्तकला संस्थांनी तेव्हा उघड पत्र लिहून जाब विचारला. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमधल्या प्रदर्शनात आपल्या कोल्हापुरीसारख्या वहाणा दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातून आवाज उठला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, आणि प्राडाला मान्य करावे लागले की प्रेरणा भारतीय पादत्राणांची आहे. पुढे डिसेंबरात त्याच कंपनीने आपले लिडकॉम आणि कर्नाटकचे लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला आणि इथल्या कारागिरांकडून वहाणा करून घेण्याचे ठरवले. हे आपोआप झाले नाही. लोक बोलले म्हणून झाले. परदेशी कंपनीला आपण जे विचारतो तेच मुंबईच्या, कोलकात्याच्या, दिल्लीच्या कंपनीला विचारताना आपली जीभ का अडखळते? कोल्हापूरचे नाव गाळले तर अन्याय आणि येवल्याच्या विणकराचे नाव गाळले तर व्यवसाय, असा दुटप्पीपणा आपण चालवून घेता कामा नये.

मुद्दा ५. प्रामाणिक आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. या कंपन्यांनी कामे दिली आहेत, हे खरे आहे. एखाद्या छोट्या डिझायनरला पूर्वी मुंबईत दुकान टाकणे अशक्य होते. आज त्याचे कपडे दुबई-लंडनच्या मराठी घरापर्यंत जातात. बरेलीची जरदोजी, लखनौची चिकनकारी यांना उंची कपड्यांमुळे मागणी आली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण काम मिळणे आणि कामाचा वाटा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यासारख्या ऊस आणि कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्याला कुणी नव्याने सांगायला नको. नेप्तीच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला ठाऊक आहे की माल खपतो आहे म्हणजे पिकवणारा सुखी आहे, असे होत नाही. पर्पल स्टाइल लॅब्जने भागविक्रीतून येणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा दालनांच्या भाड्यासाठी आणि विक्री-जाहिरातीसाठी खर्चायचे योजले आहे. दुकानाला भाडे लागते आणि जाहिरातही लागते, हे मान्य. मग कारागिरासाठी किती? या प्रश्नाचा रकाना सेबीकडच्या त्या अर्जात असायला हवा की नको? भाड्याचे आकडे रुपयापर्यंत मांडता येतात, तर मजुरीचेही मांडता येतील.

मुद्दा ६. कायदे आहेत, पण ते दात पडलेले आहेत. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली ठराविक प्रकारच्या साड्यांसह ११ वस्तू हातमागासाठी राखीव आहेत. यंत्रमागावर त्या विणणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा मागामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पाच हजार! रोज साड्यांचे गठ्ठे उतरवणाऱ्याला हा दंड कसला जाचतो? पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' आपल्या बाजारात पैठणी म्हणूनच दाखवली जाते, आणि 'सेमी' हा शब्द बिलावर येईलच याची खात्री नाही. विणकरांचे म्हणणे केंद्राकडे मांडणारे अखिल भारतीय हातमाग मंडळ जुलै २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीच्या हलाखीत बरखास्त केले गेले. त्यानंतर दहा-बारा दिवसांत ७ ऑगस्टचा राष्ट्रीय हातमाग दिवस साजरा झाला. विणकराच्या सन्मानाचा दिवस पाळायचा आणि त्याची बोलायची जागा काढून घ्यायची, हे कुठल्याही सरकारला शोभत नाही.

मुद्दा ७. हा मुद्दा आपल्या घरातला आहे, म्हणून थोडा सविस्तर. केडगावात गल्लीगल्लीत शिलाई मशिने चालतात. फॉल-पिको, ब्लाउज, परकर, आणि अलीकडे आरी वर्क. चौकटीला ताणलेल्या कापडावर हुकाच्या सुईने मणी, कट-दाणा, जर भरायची. सकाळी स्वयंपाक उरकून बसायचे, मुले शाळेतून आली की उठायचे, रात्री परत बसायचे. डोळे जातात, मान धरते. नवरीचा ब्लाउज भरायला कित्येक दिवस लागतात, पण बाई स्वतःच्या तासांचा हिशोब करत नाही आणि गिऱ्हाईक तिला करू देत नाही. 'बाहेर यापेक्षा स्वस्तात करून देतात' हे वाक्य प्रत्येकीने ऐकलेले आहे. यातल्या काहींना पुण्या-मुंबईच्या बुटिकचे काम दलालामार्फत मिळते, आणि पैसे? 'माल विकला की देतो.' भगिनींनो, २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योग कायदा तुमच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. तक्रारीसाठी सरकारचे ऑनलाइन दालन आहे. एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही कडक झाला आहे. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत. आधार आणि पॅन लागते. पण ही नोंदणी किती घरांत झाली आहे? बचत गटांच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याविषयी बोलणे होते, तसे थकलेल्या मजुरीविषयी का होऊ नये? बड्या कंपन्यांचीही इथे जबाबदारी आहे. सेबीच्या नियमाने शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारीचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. त्यात छोट्या उत्पादकांकडून किती टक्के माल घेतला हे सांगावे लागते. शेवटच्या टोकाला, सुई धरणाऱ्या बाईच्या हातात किती पडले, हे मात्र कळत नाही. दलालांच्या साखळीआड लपणे कंपनीला सोयीचे आहे, म्हणून ते कायद्याने अवघड केले पाहिजे.

मुद्दा ८. आणि आपल्या जिल्ह्याच्या नावाचे काय? चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव आपल्या जिल्ह्याला दिले. त्यांच्या त्रिशताब्दीनिमित्त ६ मे २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकच चौंडीत झाली. याच अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी नेली तेव्हा बाहेरून विणकर आणून वसवले, त्यांना काम दिले, दरबाराच्या भेटीसाठी त्यांच्याकडून साड्या-पागोटी विणून घेतली. महेश्वरी साडी आज जगभर जाते ती त्या धोरणामुळे. मधल्या काळात ते विणकाम खंगले, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा ही संस्था काढून, विणकर स्त्रियांना हाताशी धरून, ते पुन्हा उभे केले. म्हणजे आपल्या मातीतल्या मुलीने सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी जे करून दाखवले, त्याचे फळ नर्मदेकाठच्या गावाला आजही मिळते आहे. तिच्या जन्मजिल्ह्यात काय आहे? धनगरवाड्यांत दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणारे थोडे हात उरले आहेत. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवतकाठी, खण यांच्याबरोबर घोंगडीलाही पारंपरिक वस्त्र म्हणून स्थान दिले आहे, विणकरांना उत्सव भत्ता जाहीर केला आहे. हे स्वागतार्ह आहे. पण भत्त्यावर माग चालत नाही, मागणीवर चालतो. मुंबईच्या दालनात काश्मिरी शालीला जो मान मिळतो तो आपल्या घोंगडीला का मिळू नये? जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये विणकाम आणि भरतकामाचा चांगला अभ्यासक्रम, मेंढपाळाला लोकरीचा भाव, आणि घोंगडी विणणाऱ्याला थेट गिऱ्हाईक, एवढे तरी अहिल्याबाईंचे नाव घेणाऱ्या शासनाने उभे केले पाहिजे. पाट्या बदलल्या, आता धोरण बदला.

मुद्दा ९. शेवटी आपण स्वतः. बस्त्याला गेल्यावर आपण भाव पाडतो, रंग पाहतो, पोत चाचपतो. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी विचारायला काय हरकत आहे? हातमागाची की यंत्रमागाची? कुठल्या गावची? हातमागाची असेल तर हँडलूम मार्क आणि रेशमाची असेल तर सिल्क मार्क कुठे आहे? आणि जे तोंडी सांगाल ते बिलावर लिहून द्या, असेही म्हणायचे. कापड बाजारातले जुने व्यापारी सचोटीने धंदा करणारे आहेत. गिऱ्हाईक विचारू लागले तर ते लिहूनही देतील. यंत्रमागाची साडी घेण्यात काही पाप नाही. प्रत्येकाला पैठणी परवडत नाही, आणि यंत्रमागावरही कामगारच असतो. पण यंत्रमागाची साडी हातमागाच्या भावाने विकली गेली तर त्यात गिऱ्हाईक आणि विणकर दोघेही लुबाडले जातात. घरातल्या मुलीने आरी वर्क शिकले असेल तर तिच्या कामाची पावती तिच्या नावाने फाडा. शेजारणीकडून ब्लाउज भरून घेतला तर ठरलेल्या दिवशी पैसे द्या. मुंबईच्या कंपनीकडून न्याय मागायचा असेल तर सुरुवात आपल्या दारातल्या व्यवहारापासून करावी लागेल.

मुद्दा १०. आणि एक काम केडगावात लगेच होण्यासारखे आहे. नवरात्रात केडगावच्या देवीला लाखो पावले येतात. प्रत्येक घरातून देवीला साडी-खण वाहिला जातो. या यात्रेच्या मार्गावर खेळण्यांचे, मिठाईचे, प्लास्टिकचे शेकडो गाळे लागतात. त्यांत दहा गाळे महापालिकेने विनाभाडे राखावेत, येवला-पैठणच्या विणकरांसाठी, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणवाल्यांसाठी, आपल्या जिल्ह्यातल्या घोंगडी विणणाऱ्यांसाठी आणि केडगावच्या आरी वर्क करणाऱ्या बायकांसाठी. मधला माणूस नको. विणणारा गाळ्यावर, साडीवर त्याच्या नावाची चिठ्ठी, आणि किमतीत त्याची मजुरी किती ते स्वतंत्र लिहिलेले. या मागणीचे पत्र केडगावच्या नगरसेवकांकडे, देवस्थानच्या विश्वस्तांकडे आणि आयुक्तांकडे द्यायचे आहे. सह्या गोळा करण्याचे काम गल्लीतल्या महिला मंडळांनी अंगावर घ्यावे, आणि गाळ्यांचे वाटप होण्याआधी पत्र पोहोचले पाहिजे.